गावच्या युद्धस्मारकाच्या नोंदी: चावडीतली पाटी, नावांचा शोध आणि नवा चौथरा

कऱ्हाड तालुक्यातलं आमचं गाव. मी बॉम्बे सॅपर्समधून (सैन्याच्या इंजिनिअर दलातून) निवृत्त झालो आहे. आसपासच्या बऱ्याच गावांत जुन्या चावड्या पाडून नवी ग्रामपंचायत कार्यालयं बांधायचं चाललंय, आणि त्या भिंतींत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. आम्हाला जे करावं लागलं ते पुढच्यांना उपयोगी पडावं, म्हणून या नोंदी.

१५ ऑगस्ट २०२३

ग्रामसभेत ठराव झाला. चावडी पडणार, पाटी वाचवायची आणि तिच्यासकट गावातल्या सगळ्या कामी आलेल्या जवानांचं एकच स्मारक बांधायचं. पाटीवर इंग्रजीत एवढंच आहे: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर ५२ माणसं गेली, त्यांतल्या ७ जणांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. सातारा जिल्ह्यात, कोकणात, खाली कोल्हापूरकडे अशाच पाट्या गावोगाव दिसतील. मजकूर तोच, फक्त आकडे वेगळे.

सभेत एका तरुणाने विचारलं, "इंग्रजांसाठी लढले, त्यांचं कशाला?" प्रश्न रास्त आहे, त्याला गप्प बसवलं नाही. एवढंच सांगितलं की पलटणीत जाणारा पोरगा याच मातीतला होता, त्याच्या मनीऑर्डरीवर इथली घरं जगली, आणि तो कुठे पुरला गेला हे त्याच्या आईला कधी कळलं नाही. त्याचं नाव ठेवायचं काम इंग्रजांचं नव्हतं, आपलं होतं. आपणही शंभर वर्षं ते केलेलं नाही.

रायफल-हेल्मेटचा फायबरचा पुतळा हवा असंही काहींचं म्हणणं होतं. तो विषय बाजूला ठेवला. आधी नावं.

१० सप्टेंबर २०२३

यादी करायला बसलो. स्वातंत्र्यानंतरची नावं सोपी. घरच्यांकडे कागद असतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद असते, मराठा लाइट इन्फंट्रीतला जवान असेल तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करता येतो. पत्रात आर्मी नंबर घातलाच पाहिजे. नुसत्या नावावर उत्तर येत नाही, आणि एका आडनावाची माणसं पलटणीत किती असतात हे सांगायला नको.

इथेच पहिला पेच आला. एक जण १९७१ मध्ये लढाईत गेला, एक बर्फाखाली, एक सेवेत असताना अपघातात. सैन्याच्या कागदात 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' (आजार, अपघात वगैरे) अशी विभागणी असते. आम्ही ती दगडावर आणली नाही. सेवेत असताना गेला तो स्मारकावर, आणि नावापुढे ठिकाण व साल. चढउतार लावला असता तर दोन घरं कायमची दुखावली असती.

२ ऑक्टोबर २०२३

ग्रामसभेत कच्ची यादी वाचून दाखवली. वाचून झाल्यावर मागून एक आजी उठल्या. म्हणाल्या, "आमच्या वस्तीतलं कुणी गेलंच न्हाई का रं पलटनीत?"

यादी चावडीभोवतीच्या घरांत बसून झाली होती. खालच्या वस्तीत कुणी विचारायला गेलेलं नव्हतं. संध्याकाळी मी गेलो. आजींनी पत्र्याच्या ट्रंकेतून घडीवर फाटलेला डिस्चार्जचा कागद काढला: १११ महार्स. ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. त्याआधी जवळजवळ पाव शतक महारांची सैन्यभरती बंद होती, आणि पलटण मोडल्यावर पुन्हा दार लागलं ते १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत. आजींचे सासरे परत आले होते, म्हणजे ते सातांत नाहीत, पण बावन्नांत आहेत. त्याच दिवशी ठरलं की गेलेल्या सगळ्यांची जितकी नावं मिळतील तितक्यांची वेगळी पाटी करायची. आणि यादी करणाऱ्यांत प्रत्येक वस्तीचं माणूस घ्यायचं. तुम्ही हे पहिल्या दिवशीच करा.

१९ नोव्हेंबर २०२३

पाटी काढली. तीन फूट बाय दोन फूट, दीड इंच जाड, वजन साठेक किलो. मूळ जोडणी चुन्यात होती, ती सोपी गेली. हॅकसॉचं पान सांध्यात घालून सावकाश कापलं की चुना पिठासारखा सुटतो. त्रास झाला खालच्या बाजूला. तिथे मागे कधीतरी कुणी सिमेंटने डागडुजी केली होती. सिमेंट चुन्यापेक्षा कडक असतं, ओल बाहेर जाऊ देत नाही, आणि ती ओल क्षारांसकट दगडातून निघते. खालच्या दोन ओळी त्यामुळेच भुसभुशीत झाल्या होत्या. छिन्नी मारायचा आग्रह ठेकेदाराच्या माणसाने धरला, आम्ही नाही म्हटलं. पाटीमागचं बांधकामच मागून उकललं आणि पाटी सिमेंटच्या ढेकळासकट खाली घेतली. ढेकूळ नंतर जमिनीवर, गादीवर पालथं घालून थोडं थोडं झिजवलं.

आत चार लोखंडी अंकुडे होते. गंजून फुगलेले. उजव्या कोपऱ्यातली चीर त्यांच्यामुळे पडलेली.

जानेवारी २०२४

महिनाभर साफसफाई. पाटीवर ऑइलपेंटचे थर होते, दर १५ ऑगस्टला अक्षरांत काळा रंग भरताना आजूबाजूला ओघळलेले. काय करायचं नाही ते आधी सांगतो: ॲसिड नको, संडास धुवायचं लिक्विड नको, तारेचा ब्रश नको, प्रेशरचं पाणी नको, ग्राइंडर तर नकोच. संगमरवराला ॲसिड लागलं की तो विरघळतो आणि अक्षरांच्या कडा जातात.

आम्ही वापरलं ते असं. साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश. रंगासाठी ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस, वरून प्लास्टिक, थोड्या वेळाने बांबूच्या टोकदार काडीने रंग उचलायचा. दारं-खिडक्या उघड्या, जवळपास विडीकाडी नाही. डागांसाठी कागदाचा लगदा पाण्यात कालवून थापायचा आणि वाळू द्यायचा. वाळताना तो डाग आणि क्षार ओढून घेतो. एकदा करून भागत नाही, पुन्हापुन्हा थापावा लागतो. चिरेत इपॉक्सी भरलं, जादा लगेच पुसलं.

अक्षरं झिजलेली दिसतात म्हणून पुन्हा कोरून घ्या, असं बरेच जण सांगतील. घेऊ नका. अंधारात टॉर्च पाटीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, सगळी अक्षरं वाचता येतात. या उजेडात आम्हाला शेवटच्या ओळीतला आकडा खात्रीने मिळाला. तोपर्यंत गावात निम्मे लोक तो एक म्हणत होते.

११ फेब्रुवारी २०२४

सात जणांचा शोध. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था. तिच्या नोंदी इंटरनेटवर फुकट बघता येतात. नावाने शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. शेरा या रकान्यात बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो, तिथे गावाने शोधा. आमच्या गावाचं स्पेलिंग चार तऱ्हांनी सापडलं. लिहिणाऱ्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं: धोंडीचा दोंडी, जाधवचा जाधो, सावंतचा सावुंत. मोठ्याने वाचलं की मराठी नाव ओळखू येतं, डोळ्यांनी नुसतं बघून येत नाही.

पाच जण सापडले. पाचही मेसोपोटेमियातले (आजचा इराक), आणि पाचही बसरा मेमोरियलच्या यादीत. हे स्मारक कबर न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं. पण त्याच्या दगडावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत. ब्रिटिशांची नावं आहेत, आपल्या सुभेदार-जमादारांची आहेत, आणि शिपायांसाठी पलटणीखाली फक्त आकडा. नावं नुसती रजिस्टरात. कमिशनने २०२१ च्या आपल्याच अहवालात हा भेदभाव मान्य केला आहे. स्मारकसुद्धा १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलेलं आहे.

म्हणजे इथे गावात आकडा आणि तिथे बसऱ्यालाही आकडाच. हे वाचलं त्या दिवसापासून माझ्यासाठी हे काम बांधकामाचं राहिलं नाही.

३ मार्च २०२४

सहावा मिळाला, तोही अनपेक्षित ठिकाणी. वरच्या आळीतल्या एका घरात देवघरात पितळेची म्हणून एक गोल थाळी पुजली जाते, असं यादी करणाऱ्यांतल्या एका मुलाने सांगितलं. जाऊन पाहिलं. साडेचार-पावणेपाच इंच व्यासाची ब्राँझची चकती, त्रिशूळ घेतलेली बाई (ब्रिटनचं प्रतीक, ब्रिटानिया), तिच्याजवळ सिंह. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने पाठवलेली हीच ती स्मृतिचकती. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो. सगळे मृत सारखे म्हणून तो मुद्दाम ठेवलेला नाही. नावाच्या चौकटीत शंभर वर्षांचं हळदकुंकू आणि तेल घट्ट बसलेलं. घरच्या नानांना विचारून, त्यांच्याच हाताने कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने तेवढाच भाग धुवून घेतला. उठावाची अक्षरं एकेक करून वर आली. नाना आडनाव वाचून थांबले. ती बाई म्हणजे देवी आहे असंच ते लहानपणापासून समजत आले होते. आजही ती देवघरातच आहे आणि तिथेच राहावी.

त्याच घरात चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आहे. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. बहुतेकांना हे माहीत नसतं. कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा येतो. ११७ मराठाज. इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी अडकल्या होत्या. पुढे कैदेत आणि वाटचालीत किती गेले त्याला गणती नाही. रजिस्टरात हा शिपाई होता, पण त्याचं गाव शेजारच्या तालुक्यात दाखवलेलं, म्हणून आमच्या शोधात आला नव्हता.

पलटणींचे जुने नंबर १९२२ मध्ये बदलले. १०३ ची पहिली झाली, म्हणजे आजची जंगी पलटण. १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी. आजच्या पलटणीला पत्र लिहिताना दोन्ही नंबर द्या.

बाकी बऱ्याच घरांतली पदकं सोनाराकडे गेली. चांदी होती, दुष्काळ होते. कुणालाही दोष देऊ नका, फक्त आठवण लिहून घ्या.

१६ मार्च २०२४

लोकसभेची आचारसंहिता लागली. जागा द्यायचं ग्रामपंचायतीचं पत्र तयार होतं, सहीविना राहिलं. आमचा पैसा लोकवर्गणीचा, सरकारी नाही, तरी जागा ग्रामपंचायतीची. जूनपर्यंत हात बांधलेले. निवडणुकीचं वर्ष असेल तर जागेचं पत्र आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

१२ जून २०२४

पत्र मिळालं आणि पावसाच्या आत पाया घालायची घाई झाली. काळी माती. ठेकेदार म्हणाला अडीच फूट पुरे, चौथरा काही इमारत नाही. मी सॅपर्समध्ये काम केलेला माणूस, मला काळ्या मातीचा स्वभाव माहीत होता, तरी ढग बघून मान डोलावली. चूक माझी.

१८ ऑगस्ट २०२४

चौथऱ्याला कोपऱ्यापासून तिरकी चीर. माती फुगली आणि एक बाजू उचलली. अजून दगड बसवलेला नव्हता म्हणून निभावलं. ५८ हजारांचा पाया उकरून टाकावा लागणार.

पावसाळा वाया जाऊ नये म्हणून गच्चीवर ग्रॅनाइटचे दोन तुकडे ठेवलेत, एकावर सोनेरी रंग भरलेली अक्षरं, दुसऱ्यावर पांढरी.

९ ऑक्टोबर २०२४

पाया पुन्हा. या वेळी मुरूम लागेपर्यंत खाली, पाच फूट. मुरमावर दगडसोलिंग, वर काँक्रीट, आणि चौथऱ्याच्या चारी बाजूंनी पाणी काढायला मुरमाचा उतार. ट्रॅक्टर ग्रामपंचायतीचा. त्या आठवड्यात विधानसभेची आचारसंहिता लागेल अशी कुणकुण होती, ती १५ तारखेला लागलीच. कागद हातात होते, काम थांबलं नाही.

चौथऱ्याला आपला काळा पाषाण. पाथरवट मामांनी प्रत्येक दगड टाकीच्या घावाने घडवला. मशीनने कापलेला दगड स्वस्त पडला असता, पण आपल्याकडच्या दगडी कामाशी टाकीचं काम जुळतं आणि पावसात पाय घसरत नाही.

गच्चीवरचे तुकडे आणून पाहिले. सोनेरी विटलं, काठांवरून सुटू लागलं. पांढरं जसंच्या तसं. उद्घाटनाच्या फोटोत सोनेरी छान दिसेल, पण स्मारक फोटोसाठी नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

पहिली ग्रॅनाइट पाटी फुकट गेली. दुकानदाराकडे जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर. आम्ही युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर त्याने बदलून घेतला, आणि त्यात पहिली वेलांटी एक घर पुढे सरकली. 'शिंदे' वाचता येईना. 'कऱ्हाड' मधला आडवा ऱ उडून रफार आला. प्रूफ मोबाइलवर पाहिलं होतं, बोटाएवढ्या पडद्यावर ते दिसलं नाही. १४ हजार गेले. अर्धे दुकानदाराने सोसतो म्हटलं होतं, मग शब्द फिरवला.

आता पद्धत अशी. पूर्ण आकाराचं प्रूफ कागदावर छापून घ्यायचं, भिंतीला लावायचं, आणि प्रत्येक घरच्या माणसाने आपल्या माणसाचं नाव बोट ठेवून वाचायचं, मग शेजारी सही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवून अंगठा. या सभेत आणखी तीन दुरुस्त्या निघाल्या, त्यांतली एक वडलांच्या नावाची. सैन्याच्या कागदावर चुकलेलं, घरात बरोबर. आम्ही घरचं घेतलं आणि सैन्याचा नंबर तसाच ठेवला.

दर अक्षरावर असतो. जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावर वाद होतोच. पूर्ण पाटीचा ठोक भाव ठरवा.

२२ डिसेंबर २०२४

जुनी पाटी बसवली. उत्तरेकडे तोंड, दगडी कोनाड्यात, वर तिरपं छप्पर, कारण संगमरवर उघड्या पावसात झिजतो. मागे स्टेनलेस स्टीलच्या पिना, लोखंड कुठेही नाही. मुरलेला चुना आणि चाळलेली वाळू, एकास तीन. भिजवलेलं गोणपाट तीन आठवडे ओलं ठेवलं. गवंडी तरुण होता, चुन्यात काम केलेलं नव्हतं, सारखं विचारायचा, "हे धरणार का?" धरलं.

ग्रॅनाइट तीस मिलिमीटर जाड घेतला. पाटी सिमेंटने न चिकटवता स्टीलच्या ब्रॅकेटवर टांगली, मागे हवा खेळते. आरशासारखी पॉलिश दुपारी वाचू देत नाही, म्हणून लेदर फिनिश. रायफल-हेल्मेटची मागणी इथवर आपोआप मावळली होती.

४ फेब्रुवारी २०२५

मराठा दिनाला अनावरण. कोंढाणा घेतला तो दिवस. माजी सैनिकांतले बरेच जण गेल्या महिन्यात पुण्याच्या आर्मी डे परेडला जाऊन आले होते, तोच पोशाख घालून आले. भाषणं दोनच. नावं वाचली १११ महार्सवाल्या आजींच्या नातीने आणि देवघरातल्या चकतीच्या घरच्या नानांनी, आळीपाळीने.

मुख्य पाटीवर पंधरा नावं: महायुद्धातले सहा, दुसऱ्या महायुद्धातले चार, स्वातंत्र्यानंतरचे पाच. सातव्यासाठी एका ओळीची जागा कोरी सोडली आहे. शेजारच्या पाटीवर बावन्नांपैकी एकतीस.

खर्च: पाषाण आणि घडाई १ लाख ३५ हजार, पहिला पाया ५८ हजार, दुसऱ्या पायाला श्रमदान आणि दिलेला माल, म्हणून रोख काही नाही, ग्रॅनाइट आणि कोरीव काम साडेत्रेपन्न हजार, वाया गेलेली पाटी १४ हजार, ब्रॅकेट साडेअठरा हजार, पाटीची साफसफाई सहा हजारांवर, दिवा ९ हजार, प्रवास, झेरॉक्स, पत्रव्यवहार ११ हजार. सगळे मिळून तीन लाख पाच हजारांच्या आसपास. पाया पहिल्यांदाच असाच श्रमदानाने पाच फूट नेला असता आणि प्रूफ कागदावर काढलं असतं तर बहात्तर हजार वाचले असते.

२८ सप्टेंबर २०२५

पहिला पूर्ण पावसाळा पार पडला. चौथरा हललेला नाही. चुन्याच्या सांध्यावर पूर्वेला थोडं शेवाळ, मऊ ब्रशने निघालं. ग्रॅनाइटच्या दोन अक्षरांत रंग कमी बसला होता, दिवाळीआधी भरायचा आहे.

मुंबईहून एका घराचा फोन आला. गिरणीत कामाला गेलेले आमच्याच गावचे. त्यांच्याकडे पणजोबांचं पेन्शनचं पत्र आहे, पेन्शन पणजीच्या नावे, साल १९१९. पलटण ११४ मराठाज. कागदाचा फोटो मागवला आहे. गावाचं नाव नीट लागत नाही. रजिस्टरात ११४ च्या यादीत सातारा जिल्ह्याचे सगळे एकेक करून पाहतोय. दुसरा पुरावा मिळेपर्यंत ती जागा कोरीच राहील.

यादीच्या वह्या, ठशांचे कागद आणि सह्यांची प्रूफं शाळेच्या कपाटात आहेत, किल्ली मुख्याध्यापकांकडे. शेजारच्या गावांपैकी कुणाला पाटी काढायची असेल तर छिन्नी लावायच्या आधी या. हॅकसॉची पानं आणि चुन्याचं पीप आमच्याकडे उरलंय, ते घेऊन येऊ.